खाचेत बसणारं पातं

स्पंज करताना अप्पांच्या मनगटावरचं घड्याळ मी वर सरकवलं. खाली कातडीवर हिरवट काळं कडं उमटलं होतं. मधेमधे लाल, ओलसर. ओल्या फडक्यात तांब्याची नाणी गुंडाळून विसरून जावीत आणि कधीतरी ते फडकं सोडावं, तसा वास.

"तोंड का असं केलंस?" अप्पा म्हणाले.

"काही नाही. मळ बसलाय."

"माझ्या अंगावर मळ." त्यांनी मान वळवून मनगटाकडे पाहिलं. "नोकरीत असतो तर स्वतःलाच घरी पाठवलं असतं."

अप्पा दूध डेअरीत स्वच्छता तपासनीस होते. टाक्यांचे सांधे, नळांची तोंडं, कामगारांची नखं, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे अप्पांचं बोट जायचं. घरीही तेच. जेवायला बसण्याआधी दादा आणि मी हात पालथे करून दाखवायचो आणि पास झालो तर ताट मिळायचं. आम्हा दोघांना बापाकडून दुसरं काय मिळालं ते सांगता येणार नाही, पण किळस भरपूर मिळाली. माझी किळस मला कामाला लावते. दादाला ती पळवून लावते. म्हणून अप्पा पडल्यापासून माझ्याकडे आहेत आणि दादा रविवारी येऊन तोंडाला मास्क लावून खोलीच्या दारात उभा राहतो. "कसं वाटतंय?" विचारतो, पडदा धुवायला झाल्याचं मला सांगतो आणि जातो.

घड्याळ डेअरीच्या मालकांनी निवृत्तीच्या वेळी दिलेलं. कंपनीचं नाव सांगितलं की समोरच्याचा आवाज बदलतो, असं. अप्पांनी आयुष्यात मिरवलेली ती एकच वस्तू. पण आता हात वर केला की ते कोपराकडे घरंगळायचं, खाली केला की बोटांवर येऊन अडकायचं.

"मनगट बारीक झालं की घड्याळ हलकं लागतं का गं?" अप्पांनी विचारलं.

"उलट. हातात जोर नसला की जड लागायला हवं."

त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

"कातडी बरी होईपर्यंत काढून ठेवू या का?"

"नको." हे फार लवकर आलं. मग म्हणाले, "हातात घड्याळ असलं की इथे माणूस पडलाय. नसलं की पेशंट पडलाय. तुला नाही कळायचं."

मला कळत होतं. मागे दादा एकदा ते साफ करून आणतो म्हणून घेऊन गेला होता आणि चांगला आठवडा लावला त्याने. तेवढ्या दिवसांत अप्पा खोलीत येईल त्याला वेळ विचारायचे. डॉक्टरांना, लाँड्रीवाल्याला, मला तर सतत. वेळ कळली की गप्प पडून राहायचे, जणू ती ऐकून करण्यासारखं काही होतं. जेवणसुद्धा अर्धं टाकायचे.

"एक दुपार द्या मला," मी म्हणाले. "पट्टा साफ करते, जास्तीच्या कड्या काढते, संध्याकाळी परत हातात."

"दुकानात नाही देणार?"

"नाही. इथेच, तुमच्या डोळ्यांसमोर."

"मग हत्यार चांगलं आण. माझ्यासारखं करू नकोस."

घड्याळ नवं असताना त्यांनी चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने स्वतःच एक कडी काढली होती. पातं खाचेतून निसटलं आणि स्क्रूच्या शेजारी बारीक ओरखडा उठला. किती दिवस ते जेवताना बोलले नव्हते. आई म्हणायची, घरात कुणी गेलं असतं तर एवढं सुतक पाळलं नसतं यांनी.

आधी मी फोनवरून एक संच मागवला. फोटोत तो राजाच्या शस्त्रागारासारखा दिसत होता. डबा उघडला तर रॉकेल आणि जळक्या रबराचा वास अंगावर आला. सगळ्या वस्तूंवर चिकट तेलाचा थर, त्यात कुणाचा तरी कुरळा केस. चिमट्याची दोन टोकं एकमेकांना भेटायला तयार नव्हती. स्क्रूड्रायव्हरचं पातं माझ्या चष्म्याच्या स्क्रूवर फिरवून पाहिलं तर स्क्रू जागचा हलला नाही, पातंच मुरडलं. आयुष्यात मी बरीच घाण हातांनी उचलली आहे, पण नवी कोरी असून घाण असलेली वस्तू मला जास्त भयंकर वाटते. डबा मी वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकला आणि हात धुतले.

मग बाजारामागच्या गल्लीतल्या दुकानात गेले. घड्याळदुरुस्तीचं सामान विकणारं ते एकच दुकान. जाण्याआधी चार-पाच संध्याकाळी नुसते व्हिडिओ पाहण्यात घातल्या होत्या. मी शिकलेय ते सगळं असंच, कामाला भिडायच्या तोंडावर. दुकानदार गल्ल्यामागे बसून विक्रीच्या चिमट्याने नखांतला मळ काढत होता. मला पाहून त्याने तो चिमटा शर्टाला पुसला आणि परत खोक्यात ठेवला.

"घरगुती वापराला ना? मग हा मोठा सेट न्या. यात सगळं आहे."

"मला सगळं नकोय."

"साहेबांसाठी घेताय?"

"माझ्यासाठी."

"ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण भारी घड्याळाला घरी कुणी हात लावत नाही."

"कुणाचे हात लागतात ते बघितलं आत्ता. म्हणून तर मी लावणार."

तो हसला. दातांत सुपारीचा तुकडा होता. "बोला, काय देऊ?"

मी सांगत गेले आणि तो काढत गेला. डोळ्याला लावायचं भिंग. मऊ केसांचा ब्रश. धूळ उडवायला रबरी फुगा, कारण तोंडाने फुंकलं की थुंकी उडते. पट्टा आडवा धरून ठेवणारा, मधे खाच असलेला प्लॅस्टिकचा ठोकळा. बोटांना घालायच्या रबरी टोप्या. चिमटा.

"तो नको. तुम्ही नखात घातलेला."

"पुसून देतो की."

"पाकिटातला द्या."

स्क्रूड्रायव्हरवर मात्र मी बराच वेळ घेतला. पातं खाचेच्या लांबीइतकंच रुंद हवं आणि तिच्या तळाला टेकायला हवं. अरुंद असलं तर आत फिरतं आणि निसटतं, रुंद असलं तर बाजूचं पोलाद खातं. खाच नेमकी केवढी ते मला माहीत नव्हतं, म्हणून जवळजवळच्या दोन रुंदींचे घेतले. भिंगातून पात्यांच्या कडा पाहिल्या. सरळ, स्वच्छ. त्या दुकानात मला किळस न आलेली ती पहिली वस्तू.

मागचं झाकण उघडायची किल्ली त्याने स्वतःहून पुढे सरकवली. "ही लागेल. आत तेल सोडायला."

मी ती परत सरकवली. "आतलं कारागीर बघेल. माझं काम पट्ट्यापुरतं."

"मग एवढा तामझाम कशाला? टूथब्रश घ्या आणि घासा."

"तुमचा नका देऊ," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांच्या खोलीतच टेबल ओढलं. वर पांढरा पंचा अंथरला. अप्पांना उशांना टेकवून बसवलं. मनगटावरून घड्याळ काढलं तेव्हा त्यांनी तो हात चादरीखाली घेतला. उघडा पडलेला हात कुणी बघू नये, तसा.

"किती वाजले?" त्यांनी लगेच विचारलं.

"आत्ताच तर काढलं."

"म्हणून विचारलं."

मी घड्याळाचं डोकं प्लॅस्टिकमध्ये बांधून घेतलं, पट्टा साबणाच्या कोमट पाण्यात धरला आणि ब्रश फिरवला. जे निघायला लागलं ते सांगायला नको, पण सांगते. कड्यांमधून काळपट लगदा सुटून आला. कातडीचा कोंडा, वाळलेलं दूध, औषधाचा गुलाबी राप, घाम. तो पाण्यावर न तरंगता शेवाळासारखा ब्रशाला लोंबत राहिला. मी तोंडाने श्वास घेत होते. अप्पा हे पाहतायत हे लक्षात आल्यावर नाकाने घ्यायला लागले.

"टाकीच्या सांध्यातून असंच निघायचं," अप्पा म्हणाले. "घास. लाजू नकोस."

पण लगद्याबरोबर आणखी काहीतरी येत होतं. चांदीच्या वर्खासारखे बारीक पापुद्रे. पट्टा पुसून मी नख घासलं तर चकाकीचा एक तुकडा साल निघावी तसा निघाला आणि खाली पिवळट धातू दिसला, कडेला हिरवा पडलेला. अस्सल पोलादाची साल निघत नाही.

मी पट्टा ठोकळ्यात बसवला, भिंग डोळ्याला लावलं आणि स्क्रूची खाच शोधायला लागले. एक कडी, दुसरी कडी, मग दुसऱ्या बाजूने. खाच नव्हती. तो ओरखडाही नव्हता. कड्यांच्या पोटात नुसते बाण कोरलेले होते. स्वस्त पट्ट्यांवर असतात तसे, पिन कुठून ठोकून काढायची ते दाखवणारे. नवा स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात होता आणि त्याला टेकायला जागाच नव्हती.

घड्याळ मी अप्पांच्या हातातून आत्ताच काढलं होतं. त्याआधी ते या घराबाहेर एकदाच गेलं होतं. दादाबरोबर, साफ व्हायला.

मला खरोखर उलटी येईल असं वाटलं. लगद्यामुळे नाही. तो बापाच्या अंगाचा होता, त्याच्याशी माझी ओळख होती.

"जमत नाही का?" अप्पांनी विचारलं.

"एक हत्यार कमी पडतंय."

"कोणतं?"

"मोठं आहे. दादाकडे आहे. घेऊन येते."

शेजारच्या काकूंना अप्पांपाशी बसवलं, घड्याळ पिशवीत टाकलं आणि निघाले.

दादाच्या दाराशी हातांना चोळायच्या सॅनिटायझरची बाटली असते. ती वापरल्याशिवाय वहिनी आत घेत नाही असं तो सांगतो. वहिनी सांगते, तो घेत नाही. सोफ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक. बसलं की ते मांडीखाली करकरतं, म्हणून मी उभीच राहिले.

"घड्याळ कुठंय?" मी विचारलं.

"अप्पांच्या हातात," दादा म्हणाला.

मी पिशवीतून ते काढून टेबलावर ठेवलं. तो झटकन मागे सरकला. पकडला गेला म्हणून सरकला असता तर मी समजू शकले असते. पण त्याची नजर पट्ट्यावर होती. ते अप्पांच्या अंगावरून आलं होतं, म्हणून तो सरकला.

"काचेवर नको गं..." तो म्हणाला.

"सांगा तिला," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं होतं, हे बरं नाही."

"विकलंस?"

"विकेन कशाला?" त्याला खरंच लागलं. "वेडी आहेस का? मी जपून ठेवलंय."

तो आत गेला आणि कपाटातून एक बंद पिशवी घेऊन आला. आत ओल शोषणाऱ्या पुड्या आणि मधे घड्याळ. लखलखीत. दुकानातून आणलं तेव्हासुद्धा इतकं चमकलं नसेल. स्क्रूशेजारचा ओरखडा पिशवीतूनसुद्धा दिसत होता.

"तू पाहिलं नव्हतंस, मी नेलं तेव्हा काय होतं त्यात," तो हळू आवाजात म्हणाला. "कड्याकड्यांत लोणी साचावं तसं साचलेलं. मी ब्रशने काढत होतो आणि मधेमधे बेसिनपाशी जाऊन ओकत होतो. विचार हिला. आणि एवढं करून परत त्याच हातात घालायचं? आठ दिवसांत पुन्हा तेच. म्हणून हुबेहूब मिळतं तसं एक आणलं. त्यांना काय फरक पडतो? त्यांना कळलंसुद्धा नाही."

"त्यांच्या कातडीला कळलं. मनगट हिरवं पडलंय. चिघळलंय."

त्याने हात तोंडावर धरला. "मला नको सांगूस."

"तुलाच सांगणार. पाणी सुटतंय त्यातून. पुसलं की कापसाला चिकटतं."

"पुरे ना."

मी त्याच्या हातांकडे बघत होते. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखे गुळगुळीत, पांढरे हात. नखं कातरलेली, कुठे रेघ नाही, डाग नाही. मी रोज सकाळी जे हातांनी उचलते त्यातलं काहीही मला इतकं ओंगळ वाटलं नव्हतं. लहानपणी या हातांना ताट आधी मिळायचं.

"चल," मी म्हणाले. "कड्या काढायला मनगट धरायला माणूस लागतो."

"हिला ने."

"माझे वडील आहेत का ते?" वहिनी म्हणाली. तिने त्याचे बूट दाराशी आणून ठेवले होते. "जा तुम्ही. आणि तो मास्क राहू द्या इथंच."

अप्पांनी दादाला खोलीच्या आत आलेलं पाहिलं आणि भुवया वर केल्या. "हेच का ते मोठं हत्यार?"

"हेच," मी म्हणाले. काकू उठून गेल्या.

डाव्या मनगटाला मी मलम लावून पट्टी बांधली. ते बरं होईपर्यंत घड्याळ उजव्या हातात घालायचं ठरलं. दादा खिशातून रबरी हातमोजे काढून चढवत होता.

"ते काढ," अप्पा म्हणाले. "मी दुधाची टाकी नाही."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी ठोकळा पुसत होते. त्याने मोजे काढले.

मी दादाने आणलेलं घड्याळ अप्पांच्या उजव्या मनगटावर चढवलं आणि दादाला म्हणाले, "खालून पट्टा चिमटीत धर. घट्ट नको. त्यांच्या आणि पट्ट्याच्या मधे तुझं बोट जाईल एवढी जागा ठेव."

त्यासाठी बोट आत घालावं लागतं. त्याने घातलं. त्याच्या गळ्याचा उंचवटा वर गेला आणि खाली आला. डोळ्यांत पाणी तरारलं, पण ते रडू नव्हतं, उमासा होता. मी पाहिलं आणि अप्पांनीही पाहिलं.

"नाक दाबून धर हवं तर," अप्पा म्हणाले. "हात सोडू नकोस."

जास्तीच्या कड्यांवर मी खूण केली, घड्याळ काढून ठोकळ्यात बसवलं, भिंग लावलं. या वेळी खाच होती. पहिला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर पातं किंचित डुलत होतं. दुसरा घेतला. तो तळाला जाऊन बसला. दोन्ही टोकांना केसाएवढीही जागा उरली नाही. वरून तळहाताने दाबलं आणि बोटांनी नुसतं वळवलं. क्षणभर काही झालं नाही. मग स्क्रू सुटला. घासल्याचा आवाज नाही, ओरखडा नाही. पुढचेही तसेच सुटले. ते मी एकेक करून पंचावर ठेवत गेले. दादा माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याला बघायला आवडत होतं हे मला कळत होतं. इतकं स्वच्छ काम त्याच्याच जातकुळीचं.

पट्टा जोडून मी घड्याळ अप्पांच्या हातात घातलं. त्यांनी हात वर उचलला. घड्याळ जागेवर राहिलं. त्यांनी हात थोडा खालीवर केला, वजन केल्यासारखा, आणि चेहऱ्यावर काहीतरी बदललं.

"हं," ते म्हणाले. "हे." आणि मग, "ते कुठलं होतं?"

मी हत्यारं पुसायला घेतली. एकेक, सावकाश. बोलायचं नाही असं मी ठरवूनच आले होते.

"मी बदललं होतं," दादा म्हणाला. "हे घरी जपून ठेवलं होतं. खराब होऊ नये म्हणून."

"कशाने खराब?"

दादाने टेबलावरच्या पंच्याची कड सरळ केली.

"माझा वास येतो का रे?" अप्पांनी विचारलं. तपासणीच्या वेळी विचारावं तसं, साध्या आवाजात.

दादाने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हण, असं मला वाटलं, आणि म्हणू नकोस, असंही वाटलं.

"येतो," तो म्हणाला.

"मलाही येतो," अप्पा म्हणाले. "दिवसभर. तुला उठून जाता येतं."

दादाने हात पुढे केला, अप्पांच्या मनगटाच्या दिशेने. वाटलं, धरेल. त्याने पट्ट्याचं बक्कल नीट बसलंय का ते एका बोटाने दाबून पाहिलं आणि हात मागे घेतला. मग तो बाहेर गेला. न्हाणीघराचा नळ सुरू झाला आणि सुरूच राहिला. अप्पा आणि मी ऐकत होतो. त्याने कोपरापर्यंत साबण लावला असणार. अप्पांनीच शिकवलेलं, बोटांच्या बेचक्यांपासून सुरुवात करून. पाणी बंद झालं, पुन्हा सुरू झालं.

माझ्या मनात त्याच्याबद्दल माया बिया काही दाटून आली नाही. जीभ कडू झाली होती, ती तशीच होती. हे मलमपट्टीचं, भांड्याचं, चादरींचं सगळं मी करते म्हणून मी फार थोर, असंही वाटलं नाही. मला फक्त वाटलं, याला आता बाहेरच्या बाहेर जाऊ देऊ नये.

तो परत आला तेव्हा दाराशी थबकला, नेहमीसारखा. हात अजून ओले होते, कोरडे करायला आमचा टॉवेल वापरायला तो धजला नव्हता.

"किती वाजले?" त्याने अप्पांना विचारलं.

अप्पांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला. अजून डाव्याची सवय होती, म्हणून आधी चुकून पट्टीकडे पाहिलं.

"दुधाची वेळ झाली," ते म्हणाले. "आज तू पाज."

मी कप दादाच्या हातात दिला आणि मानेखाली लावायचं फडकं त्याच्या खांद्यावर टाकलं. अप्पांच्या हनुवटीवरून दूध कायम ओघळतं. घड्याळाच्या हातानेच ते पुसतात.